डॉक्टरांना ऐकू येत नाही

मालनबाई गेजगेंशी मी खोटं बोललो, त्या दिवसापासून माझे इअरफोन तुटायचे थांबले.

त्याआधी ते नेमाने तुटायचे. माझी नोकरी गुरांच्या दवाखान्यातली. अकरा गावं, सगळी मोटारसायकलवर. लस टोचायची, कृत्रिम रेतन करायचं, अडलेली म्हैस मोकळी करायची. मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे, पण गावं डॉक्टरच म्हणतात. दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर व्हायचे आणि गाडीवर वापरलेला इअरफोन तीन महिन्यांच्या वर जगत नाही. हेल्मेट चढवताना उजवं बोंड ओढलं जातं. कानातला घाम आत उतरतो. फोन पँटच्या खिशात असतो, गिअर टाकताना मांडी हलते आणि पिनेजवळची वायर रोज थोडी थोडी मोडते. आधी उजवी बाजू जाते, मग डावी. त्या वेळच्या जोडीच्या दोन्ही बाजू फेब्रुवारीतच गेल्या होत्या. आता मे होता. तरी मी ते कानात घालूनच फिरायचो. कानात वायर दिसली की रस्त्यात सहसा कोणी हात करत नाही.

त्या मंगळवारी दुपारी बोरखडीच्या वळणावर मालनबाईंनी हात केला. त्या बांधावरून पळत आल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती.

"डॉक्टर, म्हैस अडलीया! एकच पाय भाईर आलाय!"

मी शब्द न् शब्द ऐकला. सकाळपासून सात वाड्या झाल्या होत्या, जेवण राहिलं होतं, आणि अडलेली म्हैस म्हणजे खांद्यापर्यंत हात आत घालून दोन-तीन तास. मी सरळ समोर बघत निघून गेलो. घरी जाऊन जेवलो. आमटी चांगली झाली होती, हेही मला आठवतं.

म्हैस संध्याकाळी मेली.

दुसऱ्या दिवशी मालनबाई दवाखान्यात आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला जमा करायला आल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत मीच बोललो.

"काल तुम्ही हात केला होतात म्हणे. माझ्या कानात हे होतं बघा. काही ऐकू आलं नाही."

त्यांनी इअरफोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर त्या आणखी काहीतरी बोलल्या, पण आवाज आला नाही. ओठ हलले, बिल्ला टेबलावर ठेवताना त्याचा टक्कन आवाज झाला, बाहेर कावळा ओरडला. मालनबाईंचं बोलणं तेवढं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेल्या.

शुक्रवारपर्यंत सगळी बोरखडी माझ्याशी तशी बोलू लागली. डेअरीवाले, सरपंच, शाळेच्या बाई. तोंड उघडायचं, ओठ नीट हलवायचे, आवाज काढायचा नाही. त्यात चेष्टा नव्हती. आंधळ्या माणसाला वाट करून देतात तशी ती अदब होती. आपसात ते मोठमोठ्याने बोलत. मी गाडी स्टँडला लावली की वाक्य मध्येच सोडून उरलेलं नुसत्या ओठांनी पुरं करत. गुराचं काय दुखतं ते मला हाताने दाखवत. मी मान हलवत औषध देत होतो.

इअरफोन तुटले असते तर मला म्हणता आलं असतं की बघा, आता नाहीत, आता ऐकू येतं. म्हणून मी ते तोडायला घेतले. दोन्ही हातांनी वायर ओढली. तळव्यांना वळ उठले, वायरीला काही झालं नाही. गाडीच्या चाकाखाली घातले, मग उभ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवून तो पुढे घ्यायला लावला. बोंडांवरचं रबरसुद्धा चेपलं नाही. शेवटी तालुक्याला रियाज मुजावरच्या दुकानात गेलो. गेली सहा वर्षं मी इअरफोन त्याच्याकडूनच घेतो.

त्याने पीन लावून बघितली. "हे मेलेत की, डॉक्टर. दोन्ही बाजू बंद."

"माहीत आहे. तू फक्त कापून दे."

त्याने कात्री लावली. कात्रीचं पातं कागदासारखं दुमडलं. त्याने पातं सरळ करून बघितलं आणि कात्री खणात ठेवून दिली.

"गाडीवरच वापरता न्हवं?"

"हो."

"मग वायर आतापर्यंत तुटायला पायजे हुती." त्याने वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "ह्यांना साक्षीला काढलंत काय कुठं?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, ते माझ्याकडे बघायला लागलं. रियाजने इअरफोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्यापुढे सरकवले आणि काहीतरी बोलला. ओठच हलले.

त्या रविवारी वैजयंताने, माझ्या बायकोने, चहाचा कप पुढे ठेवला आणि ओठ हलवले.

"तू तरी बोल," मी म्हणालो.

ती जवळ येऊन बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने तेच पुन्हा ओठांनी सांगितलं, या वेळी सावकाश, मोठं तोंड करून. बहुधा साखर कमी पडली का, असं विचारत होती. मी नाही म्हणालो. मग ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिच्या बहिणीशी खळखळून हसत बोलत राहिली. ते हसणं मी दाराआडून ऐकलं. ऐकताना पकडला गेलो तर काय सांगणार, म्हणून लगेच आत आलो.

सोमवारी मी इअरफोन बोरखडीच्या विहिरीत टाकले. मंगळवारी सकाळी रामू डांगे नावाचे म्हातारे गृहस्थ ते घेऊन रस्त्यात उभे होते. धोतराच्या सोग्याने त्यांनी ते कोरडे केले, दोन्ही हातांनी मला दिले, आणि मी ते कानात घालेपर्यंत तिथून हलले नाहीत. घातल्यावर समाधानाने मान डोलावली. नंतर मी ते ओढ्यात टाकले, चुलीत टाकले. प्रत्येक वेळी कोणीतरी पुसून, राख झटकून परत आणून दिले. पुढे पुढे गावात शिरण्याआधी वेशीवर थांबून मी स्वतःच ते घालू लागलो. मग म्हशीही माझ्यापुढे आवाज न काढता तोंड उघडू लागल्या. सुई टोचली की मान वर करून, जबडा पसरून ओरडायच्या, आणि काहीही ऐकू यायचं नाही. कुठे दुखतंय ते मला कळेनासं झालं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी मालनबाईंच्या घरी गेलो. त्या गोठा झाडत होत्या. मी हेल्मेट काढून हातात धरलं.

"मालनबाई, मला ऐकू आलं होतं."

खराटा थांबला नाही.

"त्या मंगळवारी. तुम्ही म्हणालात, एकच पाय बाहेर आलाय. मी सगळं ऐकलं. हे बंदच होते."

त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. बोलल्या, आणि आवाज आला. माणसाचा माझ्याशी बोललेला आवाज मी इतक्या दिवसांत ऐकला नव्हता, तो मला फार मोठा वाटला.

"ठावं हाय मला. तुमी गाडी हळू केली हुती. मग पुन्यांदा जोरात काढली."

हे मला आठवत नव्हतं. मग आठवलं. मी चौथ्यावरून तिसऱ्या गिअरवर आलो होतो.

"मग गावाला सांगायचं होतंत."

"गावालाबी ठावं हाय."

"सगळ्यांना?"

"तुमच्या मंडळींस्नीबी."

"मग हे सगळे असे का वागतात?"

मालनबाईंना माझा प्रश्न कळला नसावा, अशा त्या बघत राहिल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला उभं राहायला सोपं गेलं असतं.

"तुमीच म्हणलासा, ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या. "शिकल्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? आमी पाळलं."

मी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. गोठ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिथे एक रेडकू बांधलं होतं, तीन आठवड्यांचं, बरगड्या मोजता येतील असं. गावाने मिळून ओढून काढलं होतं. म्हशीबरोबर तेही गेलं असं मी धरून चाललो होतो. कोणाला विचारलं नव्हतं.

सवयीने मी त्याच्यापाशी वाकलो, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. आत पांढरं होतं, अंगात रक्त नव्हतं. त्याने माझा शर्ट हुंगला, गळा हुंगला. वाकल्यामुळे डावं बोंड कानातून निसटून लोंबत होतं. रेडकाने ते तोंडात धरलं आणि चोखायला लागलं.

मी वायर ओढली. ती ताणली गेली, तुटली नाही. ते सोडेना. उजव्या कानातल्या बोंडात त्याचं चोखणं ऐकू येऊ लागलं, लाळेसकट, श्वासासकट, अगदी स्वच्छ.

"बसा खाली," मालनबाई मागून म्हणाल्या. "उभ्यानं त्येला पुरत न्हाई."

मी शेणात मांडी घातली. रेडकाने चार पाय फाकवले, पान्हा सुटावा म्हणून माझ्या कानाखाली डोक्याने एक ढुशी दिली, थांबलं, आणि दुसरी दिली.