पहाडमायचे सासर-माहेर

पहाडमाय आमच्या पळसटोल्याची सून, आणि माझ्या माहेराची, म्हणजे कोसमझरीची, लेक. दोन गावांच्या मधे पहाडी आणि पहाडीवर ती. मी कोसमझरीत जन्मले आणि लग्न होऊन पळसटोल्यात आले, त्यामुळे तिच्या दोन्ही कहाण्या मला तोंडपाठ आहेत. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाकीच्या बायांना त्याचे काही वाटत नाही, मला वाटते. माझ्या डोक्यात लहानपणापासून किडा आहे, विचारल्याशिवाय तो वळवळायचा थांबत नाही. माझ्या सासूबाई भागीरथाबाई म्हणतात, हिला पोलिसातच घ्यायला पाहिजे होते.

पळसटोल्याची कहाणी अशी, की सून रुसून घराबाहेर पडली आणि पहाडीवर जाऊन बसली. सासरचे लोक वाजतगाजत समजूत काढायला गेले, तिचा राग गेला, पण तोवर तिचा दगड झाला होता. सून म्हणून इथले पुरुष तिचे तोंड पाहत नाहीत. देऊळ म्हणजे दोन मोठ्या दगडांवर टाकलेले छप्पर, दोन्हीकडून उघडे. आमच्या बाजूच्या दारावर लाल लुगड्याचा पडदा, आणि पडद्यामागे तिची पाठ. या गावच्या लेकी मात्र तिच्या नणंदा. त्या पडदा सारून आत जातात, तिला तेल-कुंकू लावतात आणि नणंदेच्या हक्काने चार टोमणेही मारतात.

कोसमझरीत सांगतात ते वेगळे. सासरी छळ झाला, लेक माहेरी निघाली, वाटेत थकून पहाडीवर टेकली ती तिथलीच झाली. तिचे तोंड माहेराकडे आहे. चैत पुनवेला माहेरचे लोक ओटी घेऊन चढतात. ज्याची पाळी असेल तो माणूस तिचा भाऊ होऊन पुढे उभा राहतो आणि विचारतो, "माय, घरी येतं का?" एवढे विचारले की सगळे पाठ फिरवून उतरू लागतात. मागे वळून पाहायचे नाही. पाहिले तर म्हणे ती येता येता थांबते.

मला लहानपणी पडलेला प्रश्न असा, की माहेर एवढ्या जवळ, उतरायचेच काय ते उरलेले, मग ही बाई टेकडीवर थांबली कशाला? थकली म्हणावे तर उताराला कोण थकते? माझ्या आईने, कमळाबाईने, यावर मला एकदा फुंकणी दाखवली होती. तेव्हापासून मी घरात विचारणे सोडले, बाहेर सोडले नाही.

या वर्षी होळीच्या आधी माझी नणंद दिव्यानी राजुऱ्याकडच्या तिच्या सासरहून आली. मोहफुले वेचायला आले म्हणाली. आम्ही पहाटे उजाडता उजाडता मोहाखाली जायचो. जंगलात वाघ फिरतो, म्हणून बाया मोठमोठ्याने बोलत वेचतात. दिव्यानी मात्र गप्प असायची. हंगाम सरत आला, टोपल्या अर्ध्या भरू लागल्या, तरी ती जायचे नाव काढेना. शेवटी एका सकाळी मीच विचारले. तिने मान वर न करता सांगितले.

"मी तिथी गेली तं वाचत नाई, वहिनी."

मी ते जसेच्या तसे सासूबाईंना सांगितले. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "साऱ्याच म्हणतात. मी बी म्हनली होती."

माझे सासरे सोमाजी वाईट माणूस नाहीत. गावातली भांडणे मिटवायला लोक त्यांनाच बोलावतात. पण बापाने लेकीला तिच्या नवऱ्याच्या घरातले काही विचारायचे नसते असे त्यांच्या मनात पक्के बसलेले. त्यांनी जावयाला फोन केला आणि परस्पर ठरवून टाकले. चैत पुनवेला जावई पहाडीच्या पायथ्याशी गाडी घेऊन येईल, दिव्यानी मायचे दर्शन घेईल आणि तिथूनच सासरी जाईल. मायच्या पायाशी सगळे शांत होते, असे म्हणून ते अंगणात खाट टाकून झोपले. मला त्या रात्री त्यांचा फार राग आला. माझे हे ट्रकवर, सूरजागडच्या खाणीकडे. त्यांना फोनवर सांगितले तर म्हणाले, बाबांनी ठरवलं ना मग.

दुसऱ्या दिवशी मोहाखाली दिव्यानीने आपणहून तोंड उघडले, तेही भलत्याच गोष्टीसाठी. माहेरचे लोक पहाडीवर नेमके काय करतात, हे तिला ऐकायचे होते. या बाजूच्या माणसाला त्या बाजूचे कधी नीट दिसतच नाही. मी सगळे सांगितले, भाऊ कसा विचारतो, सगळे कसे तडक उतरतात.

"मंग उत्तर ऐकाले कोनी थांबत काऊन नाई?" तिने विचारले.

मी शिकवलेले उत्तर दिले, मागे पाहिले तर ती थांबते वगैरे. दिव्यानी हातातल्या फुलांची माती झटकत होती. तशीच म्हणाली, "आली तं ठेवा लागन ना घरात. म्हनून नसन थांबत."

मी टोपली खाली ठेवली. इतकी वर्षे मी थकवा, उतार, वाट यांचा हिशेब लावत बसले होते. बाई थकली नव्हतीच. खालून कोणीतरी 'येऊ नको' म्हणाले असणार, आणि मागे जायला तिला वाट राहिली नसणार. सासरने आपली बाजू पडद्याने झाकली, माहेराने पाठ फिरवून. मला माझ्या माहेराची लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

पुनवेला उन्ह सकाळपासूनच तापले होते. मला दोन्ही दारांची मुभा आहे, मी आदल्या दिवशी माहेरी जाऊन कोसमझरीच्या लोकांबरोबर चढले. या वर्षी भावाची पाळी माझ्याच भावाची, हेमराजची होती. नवा सदरा घालून तो ओटीचे ताट सांभाळत चालला होता. वर पोचलो तेव्हा पलीकडून पळसटोल्याचा डफ ऐकू येत होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पडद्यापलीकडे असणार, पायथ्याशी जावई. दिव्यानीची पिशवी सकाळीच गाडीवर बांधायला दिली असेल, असे मनात आले आणि मी मायकडे बघायचे टाळले.

हेमराजने ओटी भरली, हात जोडले आणि दरवर्षीच्या चालीत विचारले, "माय, घरी येतं का?"

सगळे वळले. मीही वळले. आणि मागून, देवळातून, आवाज आला.

"येतो."

हेमराजचा एक पाय पुढे पडलेला तसाच राहिला. पुढच्या म्हाताऱ्या बाया हात जोडून जागच्या जागी उभ्या राहिल्या. उत्तर आले तर काय करायचे, हे कोसमझरीत कोणी कोणाला सांगितलेलेच नव्हते. मागे पाहायचे नाही, एवढे मात्र प्रत्येकाला माहीत होते. तेव्हा हेमराज चालू लागला, आणि त्याच्या मागे सगळे.

आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हणतात, आणि तो आवाज कोणाचा ते मला पहिल्या अक्षरालाच कळले होते. नणंद म्हणून पडदा सारून दिव्यानी तेल-कुंकू लावायला आत गेली असणार आणि आम्ही वळेपर्यंत मोठ्या दगडाआड थांबली असणार. सुकलेल्या पानांवर आमच्या मागे पावले वाजत होती. माझ्यासारख्या बाईला मान सरळ ठेवणे किती अवघड गेले ते माझे मला माहीत. पण मी वळले असते, तर सगळे वळले असते, आणि मग तिला कोणीतरी नाव घेऊन हाक मारली असती. मी पुढे बघून चालत राहिले. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या सीताबाई रडत होत्या, मायचे नाव घेत होत्या.

गावात परतणाऱ्यांच्या मागोमाग, त्या वर्षीच्या भावाच्या घराच्या फाटकाशी, त्याची आई खाली मान घालून मायच्या नावाने पाणी ओतते. ते दरवर्षी धुळीत जिरते. या वर्षी तांब्या माझ्या आईच्या हातात होता. आम्ही सगळे आत गेलो आणि आईच्या तांब्यासमोर पाय आले, धुळीने माखलेले, अनवाणी, जोडव्यांचे. आईने मान वर केली. दिव्यानीला तिने ओळखले, माझ्या लग्नात पाहिले होते. मला वाटले आता ती विचारेल, आणि सगळे फिसकटेल.

आईने तांब्या दिव्यानीच्या पायांवर रिकामा केला. "आत बस," म्हणाली, "मी पानी आनतो प्याले." आणि अंगणात जमलेल्या लोकांकडे असे पाहिले, की हेमराजसकट कोणी तोंड उघडले नाही.

दुपार टळल्यावर मामाजी आले. एकटे, घामाघूम. डांबरी रस्त्याने वळसा पडला असता, म्हणून ते सरळ पहाडीवरून उतरले होते, म्हणजे मायच्या समोरून. जावई तणतणत निघून गेला होता. लोकांनी त्यांना पाणी दिले, खुर्ची दिली. ते बसले नाहीत. माझ्या डोक्यातला किडा तशातही गप्प राहिला नाही. मी पदर सावरून हळूच विचारले, "मामाजी, तुमी तिचं तोंड पाह्यलं?"

"पाह्यलं," ते म्हणाले. "मले वाटे, मोठी बाई असन. लहान पोरगी दिसते."

मग ते ओसरीवर गेले. दिव्यानी भिंतीला टेकून बसली होती, तिने पाय आखडून घेतले. हेमराज खुर्ची घेऊन मागे धावला, पण मामाजी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"तिथी काय होते ते सांग," ते म्हणाले. "मले आयकाचं हाय. सारं आयकल्याबिगर मी उठत नाई."

दिव्यानीने डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, मनगट त्यांच्यापुढे धरले, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.