अर्धा इंच लूज

धाकट्या बहिणीच्या पाठीवरची गाठ मलाच सापडली. तिच्या झग्यासाठी माप घेत होते, तर खांद्याखाली टेप सपाट बसेना. आम्ही दोघी एकाच दुकानात शिवणकाम करतो. माझा हात तिथेच थांबला. "दुखत तर नाही," धाकटी म्हणाली. आमची आई गाठीनंच गेली, आणि तीही सुरुवातीला "दुखत तर नाही" असंच म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी गाठ बोटांनी इकडेतिकडे सरकवून पाहिली, मोजली.

"एक इंच आहे. मऊ आहे, सरकते. चरबीची असावी. साधी गाठ वाढली तरी आपल्याच घरात राहते. कॅन्सर शेजाऱ्याची भिंत फोडतो आणि पिलावळ लांब लांब धाडतो. महिन्याने मोजा. झपाट्यानं वाढली तर लगेच या."

महिनाभर थांबायचं म्हणजे काय, मी दगड आहे? रोज येता-जाता मी ती चाचपायची. "ताई, तिला तरी स्वस्थ बसू दे," धाकटी म्हणायची. शेवटी सोळाव्या दिवशी सकाळी तिला पाठमोरी उभी केली, मोजलं आणि मापाच्या वहीत आकडा टाकला. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून लगेच कामाला लागले. दुपारी वही उघडली, तर दीड इंच.

सोळा दिवसांत अर्धा इंच. त्या दुपारी मी एक कॉलर उलटी लावली, उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. धाकटीवर उगाच खेकसले. ती बिचारी माझ्यापुढे चहाचा कप ठेवून गेली. त्या चहाचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "एकच इंच आहे. दीड कुणी मोजलं?"

धाकटीनं माझ्या हातातली वही घेतली, आकडा पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तू लूज धरलंस?"

बावीस वर्षांत मी कुणाचं नेमकं माप वहीत लिहिलेलं नाही. कपड्यात श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून अर्धा इंच वाढवूनच लिहायचं, ही सवय. हातानं तेच केलं, मला न विचारता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग निघू आम्ही?" मी पर्स उचलली.

"बसा. वाढली नाही ही चांगली खूण आहे, पण खूणच. खात्री पेशी तपासल्यावर होईल."

सुई घालून नमुना घेतला. रिपोर्टला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी दुकानाची कपाटं तीनदा आवरली आणि धाकटीला धीर देऊन देऊन तिचा जीव नकोसा केला.

रिपोर्ट आला. साधी चरबीची गाठ, कॅन्सर नाही. त्रास नसेल तर काढायचीही गरज नाही.

दवाखान्याचा जिना उतरताना धाकटी मधल्याच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"अगं वेडे, सगळं चांगलं आलंय."

"म्हणूनच रडतेय," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी रडले असते तर तुला कुणी सांभाळलं असतं?"

इतके दिवस मी समजत होते की सांभाळणारी मी आहे. मी तिच्या शेजारी बसले. लोक बाजूनं वाट काढत उतरत होते, आणि माझा हात तिच्या पाठीवर होता, या वेळी गाठ न चाचपता.