सर्वस्वी माझ्याच हलगर्जीपणामुळे

मिझुहाशी पत्र वाचत होता आणि हात्सुए त्याचा चेहरा वाचत होती. तिच्या हातातला चाकू थांबला नव्हता. पर्सिमनच्या केशरी फळाची साल एकसंध पट्टीसारखी टोपलीत उतरत होती. पडवीच्या आढ्याला आधीच सोललेल्या फळांच्या चाळीसेक माळा लटकत होत्या, आणि मिझुहाशी त्यांच्या खाली पायरीवर बसला होता. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. जणू विजेचं बिल वाचतोय.

"खरं आहे का हो हे?" तिनं विचारलं.

"खरं आहे."

"नाही म्हणजे, पोलीस चौकीबाहेर पत्रक लावलंय ना, असं काही आलं की आधी आम्हाला विचारा म्हणून. मी विचारलं. शिपाई म्हणाला, वकीलही खरा आहे नि कचेरीही. मला वाटलं होतं, कुणी भामटा असेल तर बरं."

पत्र तोक्योहून आलं होतं, पोस्टानं मजकुराची प्रत ठेवून घेतल्याचा शिक्का मारून. खोऱ्यातली सात घरं मिळून वाळवलेले पर्सिमन विकत, आणि हात्सुए काराशिमा त्या गटाची प्रमुख, म्हणून पत्रावर नाव तिचं. गटाच्या वेबसाइटवर पडवीत लटकणाऱ्या माळांचा जो मोठा फोटो आहे तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तो ताबडतोब काढा, चौदा दिवसांत उत्तर द्या आणि आजवरच्या वापराची भरपाई करा, असं त्यात होतं. वेबसाइट बनवली होती मिझुहाशीनं. फुकट.

"आता पुढच्या पानावर असं असेल," मिझुहाशी पान न उलटता म्हणाला, "की हा वापर अनवधानानं झाला असल्यास तसं लेखी कळवावं, आम्ही सहानुभूतीनं विचार करू."

हात्सुएनं ओले हात पुसले, पत्र घेतलं आणि पान उलटलं. शब्दन् शब्द तसाच होता.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"नऊ वर्षं मी हीच पत्रं लिहीत होतो. या कचेरीत नाही, दुसऱ्या एका."

पाच वर्षांपूर्वी तो या खोऱ्यात राहायला आला तेव्हा लोकांनी विचारलं होतं, तोक्योत काय करायचात? 'कचेरीत होतो,' एवढंच तो म्हणाला होता. कचेरीत सगळेच असतात. कुणी पुढे विचारलं नव्हतं.

"लेखी काही कळवू नका," तो म्हणाला. "आणि माफी तर मुळीच मागू नका. काल तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हाच फोटो मी काढून टाकलाय. आता आपण फक्त विचारायचं, हक्क तुमच्याकडे असल्याचा पुरावा दाखवा आणि रक्कम कशी काढली ते सांगा. दोन ओळी. बाकी एक अक्षर नाही."

आता मात्र चाकू थांबला.

"पाठवलं मी," हात्सुए म्हणाली.

"काय पाठवलं?"

"क्षमापत्र. परवाच. ब्रशनं लिहून. बरोबर पर्सिमनची पेटी. मोठ्यातली."

मिझुहाशीनं डोळे मिटले. "काय लिहिलंत?"

"लिहितात ते. 'जे घडले ते सर्वस्वी माझ्याच हलगर्जीपणामुळे घडले.'"

"हात्सुएसान, वकील याला कबुली म्हणतात." त्याचा आवाज चढला नाही. "शंभरातली नव्वद माणसं हेच लिहायची. आम्ही आधी पत्र फायलीला लावायचो. मग सोबत आलेली मिठाई वाटून खायचो."

हात्सुएला राग आला. कबुली कसली? हे वाक्य तिनं आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं होतं. नवऱ्याच्या अंत्यविधीला आलेले लोक पावसात भिजले तेव्हा लिहिलं, शेजाऱ्याच्या कोबीत रानडुक्कर शिरलं तेव्हा लिहिलं, आणि डुक्कर काही तिनं पाळलेलं नव्हतं. या खोऱ्यात ते वाक्य म्हणजे दाराची घंटा. आत शिरण्याआधी वाजवायची. घंटा वाजवली म्हणून कुणी चोर ठरतो का?

"पण फोटो तुम्ही आणलात कुठून?" तिनं विचारलं.

मिझुहाशी वर माळांकडे बघत राहिला. "ते राहू द्या आता. वेबसाइट मी बनवली, निस्तरायचं ते मी निस्तरतो."

तो उठला, पत्राचा फोटो काढून घेतला आणि निघून गेला. 'माफ करा' नाही, 'तुम्हाला त्रास झाला' नाही, कमरेत वाकणं नाही. एवढं रामायण ज्याच्यामुळे घडलं त्याला साधे दोन शब्द सुचू नयेत?

तिनं हे शेजारच्या योशिएला सांगितलं. सांगताना, कुणाला बोलू नकोस, असंही सांगितलं.

"नऊ वर्षं?" योशिए म्हणाली. "आणि आत्ता सांगतोय? अगं, कुठं पाणी मुरतंय ते दिसत नाही का तुला? तोक्योचा माणूस, तोक्योचे वकील."

"त्याची कचेरी वेगळी होती म्हणे."

"हो, आणि मांजर म्हणे दूध पीत नाही! अगं, हा इथं बसून दुसऱ्यांचे फोटो चिकटवणार, तिथले याचे दोस्त पत्रं धाडणार. आपण सात म्हातारी घरं, घाबरून देणार. फुकट वेबसाइट करून देतो म्हणाला तेव्हाच मला वास आला होता. फुकट कुणी देतं का काही?"

"माफीही नाही मागितली त्यानं."

"बघ!" योशिए म्हणाली, आणि तिच्या दृष्टीनं खटला तिथेच निकालात निघाला.

दोन दिवसांत तो खटला सातही घरांत निकालात निघाला. मिझुहाशी राहत होता ते घर शिओझावा म्हाताऱ्याच्या वारलेल्या भावाचं. नव्या वर्षात भाड्याचा करार नव्यानं करायचा होता. रविवारी समाजघरात बैठक ठरली. विषय 'वेबसाइटबाबत' असा कळवला गेला, पण सगळ्यांना ठाऊक होतं की विषय मिझुहाशी आहे, आणि हात्सुए प्रमुख असल्यानं तोंड तिलाच उघडायचं आहे.

पाच हिवाळे हात्सुएच्या छपरावरचा बर्फ मिझुहाशीनं उतरवला होता. तिला आता त्यातही डाव दिसायला लागला. छपरावर चढून हा काय बघत असेल? तिच्या घरात किती खोल्या आहेत, किती माळा लागतात, कुणाकुणाची पत्रं येतात? असा विचार करताना तिला स्वतःची थोडी लाजही वाटली, पण संशय एकदा घरात शिरला की झुरळासारखा, उजेड केला तरी कपाटामागे जातो, बाहेर जात नाही.

शनिवारी दुपारी ती टॅबलेट घेऊन बसली. नातीनं दिलेला. बैठकीत नुसत्या तोंडानं बोलणं बरं दिसणार नाही, पुरावा हवा. फोटो त्यानं कुठून आणला हे तेव्हाच्या निरोपांत कुठंतरी असेलच, असा तिचा हिशोब. ती बोटानं मागे मागे जात राहिली. बर्फाचे निरोप, औषधं आणून दिल्याचे निरोप, एकदा तापात विचारपूस. चार वर्षं मागे गेल्यावर ती थांबली.

फोटो होता. तोच. खाली मजकूर होता, 'हा मोठा करून लावा.' आणि निरोप पाठवणाऱ्याच्या जागी हात्सुएचं नाव होतं.

त्याखाली मिझुहाशीचा प्रश्न. 'फार सुंदर. तुमच्याच घरचा ना? तुम्हीच काढलात?'

त्याखाली तिचं उत्तर. 'हो हो, आमच्याच पडवीतला.' पुढे एक हसरं तोंड.

तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. हसरं तोंड तिथेच होतं.

मग ते वर्ष आठवायला लागलं, आणि आठवायला लागलं तेव्हा कळलं की ती कधी विसरलीच नव्हती. त्या नोव्हेंबरात थंडी आलीच नाही. आठ दिवस धुकं आणि उबट पाऊस. तिच्या पडवीतली सगळी फळं हिरव्या बुरशीनं गेली. इतरांची वाचली, कारण इतरांनी वेळेवर पंखे लावले होते. गटाची प्रमुख ती, माळा कशा वाळवायच्या ते इतरांना शिकवणारी ती. तिनं पहाटे पहाटे सगळा माल मळ्यामागे पुरला आणि 'सगळा माल आधीच विकला गेला' असं सांगितलं. त्याच आठवड्यात मिझुहाशीनं फोटो मागितला. पडवी ओकीबोकी. तिनं टॅबलेटवर 'पर्सिमन, पडवी' असं शोधलं. विसावा की एकविसावा फोटो, त्यातली तुळई हुबेहूब तिच्या घरच्यासारखी काळी. नंतर पाहुण्यांना तो फोटो दाखवून 'ही आमची पडवी' असं तिनं इतक्यांदा सांगितलं की तो तिच्याच घरचा झाला.

म्हणजे तिनं फोन केला त्या दिवशीच मिझुहाशीनं हे शोधलं असणार. फोटो कुठून आणलात, असं तिनं त्यालाच विचारलं होतं, आणि तो माळांकडे बघत राहिला होता.

निरोपावर बोट दाबून धरलं की 'पुसून टाका' असं येतं, हे नातीनं शिकवलं होतं. तिनं बोट दाबलं. आलं. त्याच्याकडे प्रत राहील, पण तो ती दाखवणार नाही याची तिला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीनंच तिला रडू फुटलं. तिनं काही न पुसताच टॅबलेट बंद केला.

समाजघरात सात घरांचे अकराजण जमले. मधे चहा आणि पालेभाजीचं खारं लोणचं. मिझुहाशी दाराजवळ बसला होता, जिथं थंडी येते तिथं. शिओझावानं घसा साफ केला.

"यंदा थंडी लवकर आली," तो म्हणाला. "मिझुहाशीसानना इथली हवा मानवत नसेल. तोक्यो बरं, गरम. आमच्या भावाचं घरही जुनं झालंय. त्यांना अशा घरात ठेवायचं म्हणजे आम्हालाच अवघडल्यासारखं होतं."

"खरंय," योशिए म्हणाली. "त्यांच्या तब्येतीची काळजी वाटते हो."

घालवून द्यायची भाषा इतकी मऊ असते की पाठीत काय टोचलं ते घरी गेल्यावर कळतं. मिझुहाशीला मात्र तिथेच कळलं.

हात्सुए पुढे सरकली. दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत वाकली.

"जे घडलं," ती म्हणाली, "ते सर्वस्वी माझ्याच हलगर्जीपणामुळे घडलं."

"छे छे!" सगळे एका सुरात म्हणाले.

"तुमचं कसलं चुकलं, हात्सुएसान!"

"वर बघा, वर बघा आधी."

"नाही, खरंच, चूक माझीच आहे," ती चटईकडे बघत म्हणाली. "मी मनापासून..."

"अगं, पुरे गं," योशिएनं डोळ्याला रुमाल लावला. "प्रमुख असावं तर असं. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेते. नाहीतर काही जणांना..." तिनं दाराकडे पाहिलं. "शिकावं कुणीतरी."

"हात्सुएसान बर्फ पडला तरी माफी मागतील," शिओझावा म्हणाला, आणि लोक मायेनं हसले.

हात्सुएच्या लक्षात आलं, ती जितकी वाकत होती तितकी मोठी होत होती, आणि तो तितकाच लहान. अजून एकदा वाकली तर त्याचं सामान आजच बांधलं जाईल. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. मिझुहाशी तिच्याकडेच बघत होता. त्यानं अगदी थोडी मान हलवली. नको.

ती सरळ बसली. हात चटईवरून उचलून मांडीवर ठेवले. इतक्या माणसांसमोर ताठ मानेनं बसून बोलायची तिला सवय नव्हती; आवाज ओळखीचा वाटेना.

"मी माफी मागत नाहीये," ती म्हणाली. "मी सांगतेय. तो फोटो मी चोरला. चार वर्षांपूर्वी माझा सगळा माल बुरशीनं गेला, विकला गेला नव्हता. मी तो मळ्यामागे पुरला आणि तुमच्याशी खोटं बोलले. रिकामी पडवी दाखवायची नव्हती म्हणून दुसऱ्याचा फोटो घेतला आणि मिझुहाशीसानना सांगितलं, माझा आहे. माझा निरोप आहे त्यांच्याकडे. माझ्याकडेही आहे. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही."

तिनं टॅबलेट उघडून चहाच्या कपांमधे ठेवला.

योशिए लोणच्याचा तुकडा खायच्या काड्यांत धरून तशीच बसली होती. शिओझावानं टॅबलेटवर वाकून वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मग त्यानं तो पुढच्याकडे सरकवला. पुढच्यानं वाचून पुढे दिला. टॅबलेट चटईवरून एकेका गुडघ्यापाशी थांबत चालला होता, आणि हात्सुए वाट बघत होती. साठ वर्षांच्या सवयीनं तिचे कान 'छे छे'ची वाट बघत होते.

ते आलं नाही. योशिएनं तुकडा ताटलीत परत ठेवला आणि नजर खाली वळवली.

तेव्हा हात्सुएला कळलं, सगळ्यांना पटलं होतं.