टाचणीवरची चिठ्ठी

माझ्या बापानं ओरेगॉनच्या लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं फळ्या कापल्या आणि दर उन्हाळ्यात मागचे पंख लाल असलेले पतंग जमवले. त्यातले चार वेगळ्याच जातीचे आहेत, असं तो मरेपर्यंत सांगत होता. शिकलेली माणसं हसली. गिरणीतला हमाल आम्हाला जाती शिकवणार!

या पतंगांच्या पंखांवर विश्वास ठेवायचा नाही, दोन जाती सहज सारख्या दिसतात. म्हणून पतंग ज्या टाचणीनं पेटीत टोचलेला असे, त्या प्रत्येक टाचणीवर बाबांची चिठ्ठी असे: कुठला ओढा, कुठली तारीख, कुठलं झाड. त्यांची पेटी आता मी नोकरी करते त्या कीटक-संग्रहालयात आहे, आणि आमच्या कामात नियम आहे, टाचणीवरची चिठ्ठी कधी काढायची नाही. चुकीची असली तर खाली दुसरी लावायची.

मी आठवडाभर रजेवर गेले, तेवढ्यात संग्रहालयाच्या नव्या प्रमुखांनी, डॉक्टर व्हिटलोंनी, बाबांची पेटी 'नीटनेटकी' केली. सगळीकडे आमच्या आडनावाची एकच छापील चिठ्ठी: हॉगेन संग्रह, ओरेगॉन.

"जुन्या चिठ्ठ्या कुठायत?"

"अहो सिग्ने, अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय! कचऱ्यात टाकल्या. पेटी बघा, कशी छान दिसतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कचरापेटी केव्हाच रिकामी झाली होती.

दोन महिन्यांनी हाच माणूस धावत आला. त्या चार पतंगांची पोटं उघडून त्यानं आतले अवयव तपासले होते.

"नवी जात आहे, सिग्ने! तुमच्या वडिलांचं नाव देऊ. फक्त ठिकाण हवं. तुम्ही जायचात ना त्यांच्याबरोबर?"

जायचे. नऊ वर्षांची होते, कंदील मीच धरला होता. वाळुंजाच्या झाडांनी वेढलेला ओढा, चार पतंग, आणि आनंदानं उड्या मारणारा बाप. सगळं लख्ख आठवतं, तसं मी सांगितलं.

"मग लिहा की! कुणाला कळतंय?"

एकदा एका पतंगाची तारीख विसरली म्हणून बाबांनी तो स्वतः चुलीत टाकला होता. आठवणीतून चिठ्ठी लिहायची नाही, सिग्ने, म्हणाले होते. त्यांच्या नावाची जात हवी होती मला, देवाशप्पथ हवी होती! पण त्यांचं नाव आठवणीतून लिहिलेल्या चिठ्ठीवर?

मी पेन घेतलं. सुवाच्य अक्षरात चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि छापील चिठ्ठीखाली टोचल्या: 'ठिकाणाची नोंद उरलेली नाही. मूळ चिठ्ठी डॉ. व्हिटलो यांनी कचऱ्यात टाकली.' खाली आजची तारीख आणि माझी सही.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे काढा आधी!"

"मी नाही काढणार, डॉक्टर. आणि तुम्हीही हात लावायचा नाही. टाचणीवरची चिठ्ठी आहे ती."