अक्काच्या हनुवटीवरचं गोंदण

फ्रेमवरचा कागद निघाला आणि मयुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोतल्या धुरपदाअक्काच्या हनुवटीवर काहीच नव्हतं. जिथे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके असायला हवेत, तिथे गुळगुळीत गोरी कातडी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला साबणाच्या जाहिरातीत उभं केल्यासारखा तो चेहरा दिसत होता.

हे काम अक्काच्या पोटच्या पोराचं, जितेंद्रचं. धुळ्यात त्याची फोटो लॅब आहे. फ्रेम घेऊन तो मोठ्या हौसेने पारोळ्याला आला होता आणि आता शाबासकीची वाट पाहत ओट्यावर बसला होता.

मयुरी ही अक्काची भाची. राहते जळगावात, पिंप्राळ्याला, आणि पोटापाण्याला लग्नांचे फोटो काढते. उन्हाळ्यात अक्काने तिला बोलावून सांगितलं होतं, "मी मरसू तव्हय तुम्ही आधारना फोटो मोठा करशात. त्यामा मी चोट्टी दिखस. मना एक फोटो काढ. तुना मामाना काचवरी काढ."

मामा म्हणजे अक्काचे यजमान, झुलाल. पारोळ्याच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. नवरा-नवरी, पाळण्यातली पोरं, शर्यतीचे बैल, सगळ्यांचे फोटो मामांनी काढले. बायकोचा मात्र एकही नाही. घरच्या माणसावर रोल कशाला वाया घालवायचा, उद्या काढू, असं म्हणत म्हणत मामा एक दिवस गेले. मयुरीला त्या मेलेल्या माणसाचाही राग यायचा.

त्यांचा कॅमेरा केव्हाच निकामी झाला होता, पण त्याची लेन्स, म्हणजे अक्का म्हणते ती 'काच', तिने फडक्यात गुंडाळून मुगाच्या डब्यात जपली होती. जितेंद्र त्या लेन्सला भंगार म्हणायचा. मयुरीने जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची धातूची कडी मागवली आणि ती काच आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेरा आधी अडूनच बसला. 'लेन्स जोडलेली नाही,' असं स्क्रीनवर दाखवून फोटो काढेचना. मेनूत खोलवर दडलेला एक पर्याय चालू केला तेव्हा कुठे त्याने मामांची लेन्स मानली.

या लेन्सला आपोआप काही जमत नाही. तिच्यावरचं कडं हाताने फिरवायचं, स्क्रीनवर चेहरा मोठा करून पाहायचा आणि जे स्वच्छ हवं त्यावर नजर रोवायची. मयुरीने नजर रोवली ती हनुवटीवरच्या गोंदणावर. ठिपके रेखीव दिसले तसं तिने बटण दाबलं. असा चेहरा तिने आजवर कुठल्याही लग्नात टिपला नव्हता. मोठा प्रिंट जितेंद्रच्याच लॅबमध्ये होणार, म्हणून फाइल विश्वासाने त्याच्याकडे पाठवली.

"जितूभाऊ, ठिपके कुठे गेले?"

"काढले," तो सहज म्हणाला. "सुरकुत्या सॉफ्टवेअर आपोआप घालवतं. ते डाग मात्र मी स्वतः बसून काढले. भिंतीवर लावायचा फोटो, चांगला नको दिसायला? चार लोक येतात घरी."

"डाग?" मयुरीचा आवाज चढला. "आईच्या चेहऱ्यावरचं गोंदण तुला डाग वाटलं? गिऱ्हाइकांचे चेहरे पुसता पुसता घरातल्यांवरही हात फिरवायला लागलास? मला एक फोन करायचास."

"आजकाल सगळेच करून घेतात, मयुरी. उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

तेवढ्यात अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. फ्रेम दोन्ही हातांनी धरून तिने उजेडाकडे तिरपी केली. बराच वेळ पाहिलं.

"हाई कोन बाई शे?" तिने विचारलं.

"माय, तूच शे," जितेंद्र हसत म्हणाला.

अक्का हसली नाही. तिने फ्रेम भिंतीला टेकवली, तोंड भिंतीकडे करून. "मरानंतर सोनं काढी लेतस. लुगडं बी काढी लेतस. गोंदन तेवढं संगे येस. तू ते बी काढी लिधं."

मूळ फोटो मयुरीकडे होताच, दुसरा प्रिंट कुठूनही काढता आला असता. पण तेवढ्याने तिचा राग शमणार नव्हता. तिने कॅमेरा आणला, मामांची लेन्स लावली, अक्काला दाराशी उजेडात बसवलं आणि कॅमेरा जितेंद्रच्या हातात दिला.

"तू काढ."

"मी? मला हे हाताने फिरवायचं जमत नाही."

"जमेल. हनुवटी मोठी करून पाहा आणि ठिपके स्वच्छ दिसेपर्यंत कडं फिरव. त्याशिवाय बटण दाबायचं नाही."

त्याने कुरकुरत कडं फिरवलं. स्क्रीनवर नुसतं हिरवट धुकं दिसलं. त्याने उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं. अक्का हालली, बोट निसटलं, पुन्हा पहिल्यापासून. मयुरी हाताची घडी घालून उभी राहिली, मदतीला गेली नाही. लॅबमध्ये बसल्या बसल्या पुसलेली गोष्ट आता त्याला घाम फोडत होती.

हळूहळू धुकं विरलं. हनुवटीच्या मधोमध एक ठिपका उमटला, मग त्याच्या शेजारचा, मग खालचा.

"दिखनं का?" अक्काने न हालता विचारलं.

"दिखनं, माय."

"वरला दोन मना मायना घरना शेतस," अक्का म्हणाली. "खालना तुना. तू व्हयना तव्हय गोंदेल शे."

जितेंद्रचं बोट बटणावर होतं. ते दाबायला त्याला फार वेळ लागला.