कॉलरवरचा हात

फोटो स्टुडिओची मालकीणबाई शाळेची पायरी जेमतेम चढली होती, पण कॅमेऱ्याची नस तिला नवऱ्याने शिकवली होती. त्याला डोळा असतो, पापणी असते आणि भूक असते, असं तो सांगायचा. डोळा म्हणजे अ‍ॅपर्चर, पापणी म्हणजे शटर आणि भूक म्हणजे आयएसओ. डोळा बारीक केला तर पापणी जास्त वेळ उघडी ठेवायची, नाहीतर भूक वाढवायची. भूक वाढली की फोटोत दाणे सांडतात, हावरटाच्या ताटाभोवती सांडतात तसे. सांडलवंड तिला घरात खपत नसे, फोटोत कुठली खपणार? भूक कमी, डोळा बारीक, पापणी सावकाश, हा तिचा हिशेब.

नवरा गेला आणि फोटोत गिऱ्हाइकांच्या गळ्याशी पांढुरका पट्टा उमटायला लागला. फोटोआधी पुढे होऊन कॉलर सारखी करायची त्याची खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. एक वकील फोटो तिथेच टाकून गेला. मग गिऱ्हाईक तुटतच गेलं.

सुनेने कॅमेऱ्यावरची चकती ऑटोवर फिरवली. कॅमेऱ्याने आपल्या मनाने डोळा मोठा केला, भूक वाढवली, पापणी फटकन मिटली. पट्टा गायब. सून म्हणाली, सुटलो. सासूने ऐकवलं की तू सुटलीस बाई, माझा माणूस दुसऱ्यांदा गेला.

दुकान चालायला हवं हे तिलाही कळत होतं, ती काही खुळी नव्हती. पण त्याला पुसायचंच तर एकदा नीट बघून. माझा एक फोटो जुन्या रीतीने काढ, मग लाव तुझं ऑटो, असं ठरलं. भर दुपारी दार लोटून तिने स्वतः चकती मॅन्युअलवर आणली, आयएसओ तळाला नेला, अ‍ॅपर्चर सुईच्या नेढ्याएवढं केलं, शटर नेहमीपेक्षा लांबवलं. सुनेने नुसतं बटण दाबायचं.

"हलू नका हं, आई."

"मला शिकवतेस?"

फोटोत मागच्या पडद्याची चुणी न् चुणी स्वच्छ होती. मालकीणबाईचा चेहरा मात्र पाण्यात विरघळल्यासारखा. जिवंत माणूस कितीही स्तब्ध बसलं तरी श्वासाने हलतंच. तिच्या गळ्याशी मात्र, कॉलर सारखी करायला यावा तसा, एक हात होता आणि त्याला हलायचं काही कारण नव्हतं. बोटं, नखं, बोटावरचा जुना व्रण, सगळं लख्ख. मनगटाच्या वर नुसतं धुकं.

सुनेने बटणावरचं बोट काढून घेतलं. सासू कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून बघत राहिली.

"मनगटापर्यंतच आलाय," ती म्हणाली. "डोळा आणखी बारीक कर. पापणी उघडी राहू दे."

"आई, आणखी वेळ ठेवला तर फोटोत तुम्ही उरणार नाही."

"मला कोण बघतंय? दाब."

ती स्टुलावर जाऊन बसली, मान ताठ केली आणि श्वास आत ओढून धरला.