चाळीसवर अडकलेला काटा

मित्रांनो, नाव सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी काम सांगतो. मोटारीच्या इंजिनात तेल नुसते भरून चालत नाही, ते दाबाने सगळीकडे फिरावे लागते. तो दाब किती आहे हे चालवणाऱ्याला दाखवायचे, एवढेच माझे काम. मी एक जुना ऑइल मीटर आहे. पेल्याच्या तोंडाएवढी काळी तबकडी, तिच्यावर पांढरे आकडे, वरून काच आणि भोवती चकचकीत कडे. माझ्या पोटात पितळेची एक वाकडी पोकळ नळी आहे. तेलाचा दाब आत शिरला की ती सरळ व्हायला बघते आणि तिला जोडलेला काटा वर चढतो. दाब गेला की काटा शून्यावर येतो.

माझ्या तोंडावर आकडे छापलेले असले तरी त्यांचा अर्थ मला फार उशिरा समजला. चाळीस म्हणजे शाबासकी आणि शून्य म्हणजे नामुष्की, असे मी बरीच वर्षे धरून चाललो.

मी जिथे तयार झालो त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक मीटरला पंपाने दाब द्यायच्या, काचेवर टिचकी मारायच्या आणि दाब सोडून काटा खाली येतो का ते बघायच्या. काटा वर चढलेला बघून त्या कधी काही बोलल्या नाहीत. शून्यावर आलेला बघितला की मगच मान हलवून मीटर पुढे सरकवायच्या. तो धडा मला तेव्हाच कळायला हवा होता.

तिथून मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दुकानात आलो. एके दिवशी हुपरीचे तात्यासो तिथे आले. त्यांचा चांदीच्या पैंजणांचा व्यापार होता आणि त्यांच्याकडे पिस्ता रंगाची, गोल बोनेटची एक गाडी होती. त्या गाडीच्या डॅशबोर्डवर वेगाचा काटा होता, पेट्रोलचा काटा होता आणि तेलासाठी नुसता एक लाल दिवा होता. दाब गेला की दिवा लागायचा. तात्यासोंना डॅशबोर्ड भरलेला हवा होता. दुकानदाराने बॅटरीचा मीटर दाखवला, पाण्याच्या उष्णतेचा दाखवला. तात्यासोंनी माझे चकचकीत कडे बघितले आणि मला उचलले.

फिटर म्हणाला, "मालक, इंजिनाला भोक एकच हाय. दिव्याचं काढून मीटरचं लावावं लागंल. दोनी ठेवायचं म्हटलं तर दोन तोंडाचा जोड मागवाय पाहिजे. चार दिस लागतील."

"मीटर असल्यावर दिवा कशाला?" तात्यासो म्हणाले. "लाव आजच."

फिटरने दिव्याची वायर कापली, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली आणि ती आत खुपसून ठेवली. तो बिचारा लहानसा दिवा माझ्या शेजारीच अंधारून राहिला. मी त्याच्याकडे तुच्छतेने बघायचो. याला फक्त एक गोष्ट सांगता येते आणि तीही वाईट, असे मला वाटायचे.

ती गाडी ज्ञानू चालवायचा. ज्ञानू उंच, काटक आणि कामाला चोख. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी आणि नंतरही तो बोटाच्या पेराने माझ्या काचेवर दोनदा टकटक करायचा. हे त्याला कुणी शिकवले होते ठाऊक नाही. त्या टकटकीने काटा कुठे अडला असेल तर सुटायचा आणि मी मोकळा व्हायचो.

एकदा निपाणीचे पाहुणे गाडी बघायला आले होते. त्यांच्यासमोर ज्ञानूने टकटक केली तेव्हा तात्यासो ओरडले, "ज्ञानू, दुसऱ्याचं दार वाजवल्यागत काय करतोस? काच हाय ती! बोटाचं डाग पडत्यात."

"न्हाय तात्या, काटा जाम न्हाई न्हवं, बघत हुतो."

"नवा मीटर हाय, जाम कशानं होतोय? पुन्हा हात लावायचा न्हाई."

त्या दिवसापासून ज्ञानूने मला बोट लावले नाही. तात्यासो मात्र रोज मऊ फडक्याने माझे कडे पुसायचे.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना माझा काटा थरथरतो. काही वर्षांनी माझ्या काचेखालचे रबर वाळले आणि धूळ आत गेली. वर चढलेला काटा चाळीसवर अडकायला लागला. इंजिन बंद करून कुणी दार आपटले की धक्क्याने सुटायचा आणि शून्यावर यायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. उलट कौतुकच झाले. तात्यासो शेजाऱ्यांना सांगायचे, "काटा बघा, सूतभर हलत न्हाई. इंजिन असावं तर असं!" इंजिनाचा दाब तर सारखा कमीजास्त होत असतो. खरे सांगणारा काटा हलतोच. माझा हलत नव्हता, कारण तो अडकला होता. हे मला कळत होते, आणि तरीही ते कौतुक मला गोड लागत होते.

मग तो दिवस आला. तीस वर्षे झाली त्याला. तात्यासोंच्या घरची आणि निपाणीची माणसे हातकणंगल्यापलीकडच्या बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला निघाली होती. पुढे आपली गाडी, मागे पाहुण्यांची जीप. हातकणंगल्याच्या अलीकडे खालून कुठेतरी तेल गळायला लागले. दाब उतरला. माझ्या पोटातली नळी पुन्हा वाकडी झाली, पण काटा चाळीसवरच राहिला. ज्ञानू दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत होता. मी ते पाहिले आहे. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन मी खोटे सांगत होतो. विझवलेला तो लाल दिवा जोडलेला असता तर त्याने त्याच घडीला ओरडून सांगितले असते.

इंजिनातून खडखड आली आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. ज्ञानू उडी मारून बाहेर पडला, त्याने बोनेट उघडले आणि खाली वाकून बघितले. "तात्या, तेल समदं गेलंय!"

"गेलंय म्हंजे? तुझं ध्यान कुठं हुतं?" तात्यासो आत बसूनच गरजले. मग ते उतरले आणि रागाने त्यांनी दार आपटले.

त्या धक्क्याने मी सुटलो. चाळीसवरून सरसरत शून्यावर आलो. तात्यासो खिडकीजवळच उभे होते. त्यांनी मला पडताना बघितले. त्यांना सगळे कळले. मला त्यांचा चेहरा दिसत होता.

तोवर जीपमधली दहा-बारा माणसे गोळा झाली. ज्ञानू काकुळतीला येऊन सांगत होता, "आईशप्पथ, काटा चाळीसवर हुता. आत्ता बघितला की मी!"

निपाणीच्या एका पाहुण्याने आत डोकावले. "ह्यो तर शून्यावर हाय. झोप लागली हुती काय रं?"

सगळे हसले. इंजिन बंद पडल्यावर काटा शून्यावरच असणार, एवढी साधी गोष्टही तिथे कुणाच्या ध्यानात आली नाही. तात्यासोंच्या आली होती. पण मला बोट लावू नको असे त्यांनीच सांगितले होते. दिव्याची वायर त्यांनीच कापायला लावली होती. आणि समोर पाहुणे उभे होते. ते म्हणाले, "उद्यापासून गाडीला हात लावू नकोस."

ज्ञानूने किल्ली बोनेटवर ठेवली आणि तो चालत निघाला. त्यानंतर त्याने कधी कुणाची गाडी चालवली नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत साच्यांची वाळू उपसायला लागला आणि तिथेच त्याची उमर गेली. इकडे तात्यासोंच्या घरात नवीच बोली पडली. कुणाचे दूध उतू गेले, कुणी दाराला कडी लावायला विसरले की घरातले म्हणायचे, "ज्ञानूगत बसला व्हय?" घरातली मुलेसुद्धा म्हणायची. ज्ञानू कोण आणि काटा चाळीसवर होता असे तो का म्हणायचा, हे त्यांना पुढे मोठे झाल्यावर कळले. ते बोल कानावर पडले की तात्यासो उठून बाहेर जायचे, पण थांबा असे एकदाही म्हणाले नाहीत.

त्यांनी मला गाडीतून काढले आणि फडक्यात गुंडाळून कपाटात, जुन्या वजनांच्या डब्यात ठेवून दिले. गाडी शेडमध्ये धूळ खात राहिली. अंधारात तीस वर्षे मी एकच गोष्ट आठवत होतो. एका खऱ्या माणसाला मी खोटे पाडले.

गेल्या वर्षी तात्यासोंची नात आदिती हिने ती गाडी पुन्हा उभी करायला घेतली. ती इंजिनीअर आहे. इंजिन नवे झाले, पिस्ता रंग चढला आणि डॅशबोर्डची वेळ आली. जादा मीटर कुठले लावायचे यावर तिचे आणि भाऊ वृषभचे जुंपले. वृषभला सहा हवे होते.

"विमान करायचं हाय काय तुला?" आदिती म्हणाली. "तीन बास. पाणी, बॅटरी आणि तेल."

त्यांची आज्जी रत्नाबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढी घड्याळं लावताय, त्यातलं एखादं वेळ दावणारं तरी घ्या."

गाडीच्या जुन्या चकचकीत पट्ट्या शोधायला आदितीने कपाट उघडले आणि मी तिच्या हाती लागलो. "आज्जा, हा आपल्याच गाडीचा की! हाच लावू."

"नको," तात्यासो म्हणाले.

"का? किती झकास हाय."

आदितीने सायकलचा पंप जोडून मला दाब दिला. मी चाळीसवर चढलो. तिने पंप काढला. मी तिथेच. ती हसली, "हा तर अडकतोय!" आणि मग तिचे हसू गेले. "म्हंजे ज्ञानूकाका खरं बोलत हुते. आज्जा, आपण उगंच त्यांना... पण कुणाला काय ठाऊक असणार म्हणा."

"मला ठावं हुतं," तात्यासो म्हणाले.

रत्नाबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "कधीपास्नं?"

"त्याच दिवसापास्नं. दार आपटलं तवा काटा पडलेला मी बघितला."

आदितीने मला आणि पंपाला पिशवीत घातले. ती म्हणाली, "चला आज्जा. गाडीत बसा."

ज्ञानू आता कळंब्याला राहतो. दारात दोन म्हशी होत्या आणि तो त्यांना पेंड घालत होता. तात्यासोंनी मला त्याच्यासमोर धरले. आदितीने पंप मारला, काढला. मी चाळीसवर थांबलो. ज्ञानू हातातली पेंड खाली ठेवून जवळ आला.

"चुकलो ज्ञानू," तात्यासो म्हणाले. "मला तवाच कळलं हुतं. बोललो न्हाई."

ज्ञानूची बायको चिमणाबाई आतून आली. "तीस वर्सांत कळंब्याची वाट घावली न्हाई व्हय तुमास्नी? ह्यो मानूस झोपंतनं उठून म्हणायचा, माझा डोळाच लागला आसंल तवा!"

"व्हय," ज्ञानू हळू म्हणाला. "माझं मलाच खरं वाटंना झालं हुतं." त्याने बोट वाकवून माझ्या काचेवर दोनदा टकटक केली. मी शून्यावर आलो. "एवढंच करायचं हुतं की."

तात्यासो त्याच्या पायाशी वाकायला लागले. ज्ञानूने दंड धरून त्यांना थांबवले. "ह्ये नको. हितं म्हशी बगायल्यात फकस्त. तवा धा-बारा मानसं हुती."

तात्यासोंनी मान हलवली.

पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा बाहुबलीला निघाली. निपाणीचे पाहुणे होते, त्यांची मुले, नातवंडे होती. हातकणंगल्याच्या अलीकडे तात्यासोंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. सगळे उतरले. त्या दिवशी आत डोकावणारा पाहुणा आता काठी टेकत होता. शेजारी ज्ञानू उभा होता. ऐंशी वर्षांच्या तात्यासोंनी मला हातात घेतले, पंपाने दाब दिला आणि अडकलेला काटा एकेकाला नेऊन दाखवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ज्ञानू जागा हुता. झोपल्याचं सोंग मी घेतलं हुतं."

म्हाताऱ्या पाहुण्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि ज्ञानूपुढे हात जोडले. परतीच्या वाटेवर एक पोरगे बाटलीचे बूच विसरले, तेव्हा त्याला कुणीही ज्ञानूचे नाव घेऊन हसले नाही.

मला फेकून द्यायला हवे होते. ज्ञानू म्हणाला, "लावा त्येला. साफ करून लावा. पर दिवा बी जोडा." आदितीने माझी धूळ काढली, रबर बदलले आणि इंजिनाला तो जोड बसवला, जो आणायला कधीकाळी चार दिवस लागणार होते. आता मी आणि लाल दिवा शेजारी शेजारी आहोत. किल्ली फिरवली की आधी तो लागतो, इंजिन फिरल्यावर विझतो आणि मग मी चढतो. ज्ञानू गाडी चालवत नाही. पण महिन्यातून एकदा हुपरीला येतो, स्टिअरिंगसमोर बसतो आणि बोटाचे पेर माझ्या काचेवर वाजवतो. तात्यासो बाजूच्या सीटवर असतात. ते काही म्हणत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या मीटरचे कडे पुसाल तर पुसा, पण त्याच्यावर बोटाने टकटक करायला विसरू नका. आणि कुणी शपथेवर सांगत असेल की मी बघितले होते, तर एकदा आमच्याकडेही संशयाने बघा. आता इंजिन बंद झाले की मी सावकाश खाली येतो आणि शून्यावर टेकतो. तिथे मला कुणी शाबासकी देत नाही. पण कारखान्यातल्या शेवटच्या टेबलाच्या त्या बाई असत्या तर त्यांनी मान हलवली असती.